शेंदूर, कृमी आणि ममीचा तपकिरी

पुण्यातल्या एका महाविद्यालयात भिंतीवर मांडायच्या प्रदर्शनाची तयारी सुरू होती. कल्पना सोपी होती. इंग्रजीतला एक आगळावेगळा शब्द, त्याच्या जन्माची हकिगत आणि शेजारी एक चित्र, अशा डझनभर जोड्या लावायच्या. शब्द इंग्रजीच्या प्राध्यापिकांनी निवडायचे आणि चित्रे चित्रकलेच्या निवृत्त शिक्षकांनी, अशी वाटणीही ठरली. पण पहिल्याच बैठकीत सरांनी मूळ कल्पनेवर आक्षेप घेतला.

"चित्राखाली दीडशे शब्दांचा मजकूर लावलात, की मुलं मजकूर वाचणार आणि चित्रावरून नुसती नजर फिरवून पुढे जाणार," सर म्हणाले. "चित्र बघायला वेळ लागतो, मॅडम. पण वाचून झालं की माणसाला वाटतं, बघूनही झालं."

मॅडमचे म्हणणे नेमके उलट होते. "काय बघायचं हेच ठाऊक नसेल तर नजर थांबणार कुठे? शब्दाचा उगम कळला की चित्रातली एखादी गोष्ट उठून दिसायला लागते. इतका वेळ ती समोरच असते, फक्त तिची ओळख नसते."

दोघांनाही आपापल्या विषयाचा मनापासून जिव्हाळा. त्यामुळे वाद मतांवर अडकून राहिला नाही. तो एकेका शब्दावर आणि एकेका चित्रावर उतरला.

मॅडमच्या यादीत पहिला शब्द होता 'सेरेंडिपिटी'. शोधतो एक आणि आपल्या चाणाक्षपणामुळे, योगायोगाने हाती लागते भलतेच काही, तेही मोलाचे, असा त्याचा अर्थ. या शब्दाची जन्मतारीखसुद्धा सांगता येते. २८ जानेवारी १७५४ रोजी होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने फ्लॉरेन्समधल्या होरेस मान या आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो पहिल्यांदा आला. 'सेरेंडिपचे तीन राजपुत्र' या कहाणीवरून वॉलपोलने तो घडवला. सेरेंडिप म्हणजे लंका. अरबी-फारसी व्यापाऱ्यांच्या तोंडी सिंहलद्वीपाचे झालेले हे नाव. पणजीत २०१६ पासून डिसेंबरात भरणाऱ्या कलामहोत्सवाने हाच शब्द आपल्या नावात घेतला, त्यामुळे गोव्यात तो आज फलकाफलकांवर दिसतो.

"आणि हे पत्र कशाबद्दल होतं, माहीत आहे?" मॅडमनी विचारले. "एका चित्राबद्दल! मानने वॉलपोलला व्यक्तिचित्र पाठवलं होतं. बियांका कापेल्लोचं. व्हेनिसच्या सरदार घराण्यातली मुलगी. घरातून पळून फ्लॉरेन्सला आली आणि पुढे तिथल्या फ्रान्चेस्को मेदिचीची पत्नी झाली. वॉलपोलच्या मते ते व्हासारी या चित्रकाराने काढलेलं. म्हणजे शब्दाचा जन्मच चित्राशेजारी झाला की नाही?"

"चित्राशेजारी झाला, पण चित्र बघून झाला का?" सरांनी विचारले. "त्या पत्रात वॉलपोलला कसला आनंद झालाय? जुन्या पुस्तकात त्याला कापेल्लो घराण्याची दोन कुलचिन्हं सापडली. एकात टोपी, कारण आडनावाचा अर्थच टोपी. दुसऱ्यात तिच्या जोडीला निळ्या गोळ्यावर लिलीचं फूल, म्हणजे मेदिचींशी जुळलेल्या सोयरिकीची खूण. योगायोग घडला तो पुस्तकात. बियांकाचे डोळे, तिचा चेहरा, रंगवणाऱ्याचा हात यांचा त्या शब्दाशी काय संबंध?"

मॅडमना हे लागलीच पटले नाही. चित्र आले नसते तर वॉलपोलने पुस्तक उघडलेच नसते, असे त्यांचे म्हणणे. पण त्या चर्चेतून एक कसोटी हाती आली, आणि पुढची सगळी निवड त्या कसोटीवर झाली. शब्दाची हकिगत वाचून माणूस पुन्हा चित्राकडे वळतो का? वळत असेल, तर जोडी भिंतीवर लागेल. वळत नसेल, तर ती हकिगत पुस्तकात ठेवायची.

या कसोटीवर काही शब्द भराभर गळाले. 'मजेंटा' हे नाव उत्तर इटलीतल्या एका गावाचे. ४ जून १८५९ रोजी तिथे फ्रेंच आणि सार्डिनियाच्या फौजांनी ऑस्ट्रियाचा पराभव केला, आणि नुकत्याच बाजारात आलेल्या कृत्रिम रंगाला त्या विजयाचे नाव चिकटले. रंगात त्या लढाईतले काहीही नाही. 'सिल्हूट' म्हणजे काळ्या कागदाची छायाकृती. एत्येन द सिल्हूट हा १७५९ मध्ये जेमतेम काही महिने फ्रान्सचा अर्थमंत्री होता. त्याच्या काटकसरीची इतकी चर्चा झाली की जे जे स्वस्तातले, त्याला त्याचे नाव दिले जाऊ लागले. हकिगत मजेदार खरी, पण छायाकृतीतली रेषा कशी कापली आहे हे ती सांगत नाही. दोन्ही शब्द बाजूला झाले.

मग मॅडमनी तांबड्या रंगाचे दोन शब्द पुढे ठेवले, 'क्रिम्झन' आणि 'व्हर्मिलिअन'.

"हे दोघे जुळे भाऊ आहेत, सर. दोघांच्याही पोटात किडा आहे. क्रिम्झन आला अरबी 'किर्मिझ'वरून, आणि त्याचं नातं थेट आपल्या 'कृमी'शी लागतं. मराठीत आपण किरमिजी म्हणतो तोच हा. भूमध्य समुद्राच्या काठच्या ओक झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून तो रंग निघायचा. व्हर्मिलिअन आला लॅटिनमधून. तिथे 'व्हर्मिक्युलस' म्हणजे छोटा किडा. एकच कल्पना, दोन भाषांतून इंग्रजीत पोचली."

त्या किड्यांच्या वाळलेल्या माद्या दाण्यांसारख्या दिसत, म्हणून युरोपात त्या रंगाला 'ग्रेन' म्हणजे दाणा म्हणत. या दाण्यात रंगवलेले कापड धुऊन धुऊनही विटत नसे. आज इंग्रजीत हाडीमासी खिळलेल्या सवयीला 'इन्ग्रेन्ड' म्हणतात, त्याचे मूळ या पक्क्या रंगात आहे.

सरांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पण मॅडम, व्हर्मिलिअनमध्ये किडा नाहीच. व्हर्मिलिअन म्हणजे हिंगूळ. पारा आणि गंधक यांचं संयुग. तो खाणीतून खणून काढतात किंवा भट्टीत तयार करतात. चित्रकाराच्या रंगपाटीवर हिंगूळ आणि किरमिजी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हिंगूळ जड, दाट, खालचं सगळं झाकून टाकणारा. किरमिजी पातळ, काचेसारखा, खालचा रंग दिसू देणारा. तुमचे शब्द दोघांना जुळे म्हणतात. डोळा त्यांना भाऊसुद्धा म्हणणार नाही!"

बोलता बोलता त्यांनी लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या एका चित्राचे पुनर्मुद्रण टेबलावर पसरले. टिशियनचे 'बॅकस आणि अरियाडनी'. फेराराच्या आल्फोन्सो देस्ते या ड्यूकसाठी टिशियनने ते १५२० ते १५२३ या काळात रंगवले. प्रियकराने नाक्सोस बेटावर टाकून दिलेली अरियाडनी डावीकडे समुद्रकाठी उभी आहे, आणि चित्ते जुंपलेल्या रथातून मद्यदेव बॅकस तिच्याकडे झेपावतो आहे.

"अरियाडनीच्या अंगावरून फिरणारा हा तांबडा पट्टा बघा. तो हिंगूळ. निळ्या वस्त्रावर आणि निळ्या समुद्रापुढे तो कसा ठणठणीत उभा राहतो! आता बॅकसच्या पाठीमागे उडणारा हा गुलाबीसर शेला बघा. तो पातळ तांबड्याचे थरावर थर देऊन केलाय, म्हणून त्याच्या घड्यांतून उजेड येतो. टिशियनला हा फरक हवा होता, म्हणून त्याने दोन वेगळे तांबडे घेतले."

मॅडम चित्रावर वाकल्या. पट्टा आणि शेला त्यांनी याआधीही पाहिले होते, पण दोन्ही 'लाल' म्हणून. "सर, हीच आपली पाटी," त्या म्हणाल्या. "दोन शब्द, दोघांचा अर्थ किडा. त्यातला एक खरा आणि एकाचं नाव दुसऱ्यावरून सरकून आलेलं. वाचणाऱ्याला आपण विचारू, या चित्रात किड्यासारखा पातळ तांबडा कुठला आणि खाणीतला कुठला? म्हणजे त्याला बघावंच लागेल."

सरांनी मान डोलावली. ही जोडी पहिल्यांदा पक्की झाली.

त्याच चित्रातल्या निळ्यावरून पुढचा शब्द निघाला, 'अल्ट्रामरीन'. लॅटिनमध्ये याचा अर्थ समुद्रापलीकडचा. अफगाणिस्तानात बदख्शानच्या डोंगरांत, कोक्चा नदीच्या खोऱ्यात, सर-ए-संग इथे लाजवर्दाच्या खाणी आहेत. आपल्या रसशास्त्रात ज्याला राजावर्त म्हणतात, तो हा दगड. हजारो वर्षे तो तिथून जगभर जात आला. व्हेनिसच्या बंदरात उतरणाऱ्या या निळ्याला युरोपातल्या चित्रकारांनी 'समुद्रापलीकडचा' म्हटले, आणि तेच नाव इंग्रजीत रूढ झाले.

"हा शब्द ऐकला की जहाज दिसतं, बंदर दिसतं," मॅडम म्हणाल्या. "चित्रातलं आभाळ इतकं निळं कशाच्या जोरावर झालं, ते कळतं."

"जहाज दिसतं, पण ते कोणाच्या बाजूने?" सरांनी विचारले. "समुद्रापलीकडचा हे विकत घेणाऱ्याचं नाव झालं. खाणकामगारासाठी तो दगड घरच्या डोंगरातला. आणि अजिंठ्याचं काय? तिथल्या निळ्यातही लाजवर्द सापडलाय. अजिंठ्याच्या चित्रकाराला त्याला सागरापलीकडचा म्हणायचं काहीच कारण नव्हतं. शिवाय नावात समुद्र आला, पण माणसांचे हात कुठे आले?"

हातांबद्दल सर भरभरून बोलले. इटालियन चित्रकार चेन्नीनो चेन्नीनी याने सन १४०० च्या सुमारास रंगकामाची एक हस्तपुस्तिका लिहिली. तिच्यात हा निळा दगडातून कसा काढायचा याची पूर्ण कृती आहे. दगड नुसता कुटला तर हाती राखाडी भुकटी येते, कारण निळ्यात पांढरे आणि चकचकीत पिवळे खनिज मिसळलेले असते. म्हणून ती भुकटी पाइनची राळ, मस्तकी डिंक आणि मेण यांत कालवून तिचा गोळा करायचा. निदान तीन दिवस आणि तीन रात्री तो रोज मळत राहायचा. मग राखेच्या कोमट क्षारपाण्यात ठेवून दोन काठ्यांनी, एकेका हातात एकेक धरून, दाबत राहायचे. निळे कण सुटून तळाशी बसतात. पहिल्या पाण्यातला निळा सर्वांत गर्द आणि महाग. पुढच्या पाण्यातला फिका होत जातो, आणि शेवटी उरते ती करडी निळसर राख. हे काम तरुण मुली पुरुषांपेक्षा चांगले करतात, असेही चेन्नीनीने नोंदवले आहे, कारण त्या घरी असतात आणि त्यांचे हात नाजूक असतात.

"तेव्हा अरियाडनीच्या वस्त्रामागे कुणाकुणाचे तास मोडलेत, ते बघा," सर म्हणाले. "शब्दाने व्यापारी लक्षात ठेवला आणि मळणाऱ्या मुली विसरला."

"मग पाटीवर दोन्ही लिहू," मॅडमनी लगेच उत्तर दिले. "शब्द काय सांगतो तेही, आणि काय सांगत नाही तेही. उगम सांगायचा म्हणजे शब्दाची तळी उचलायची, असं मी कुठे म्हटलं?"

या निळ्याची पुढची हकिगतही त्यांनी पाटीत घ्यायचे ठरवले. १८२४ मध्ये फ्रान्समधल्या एका उद्योगसंस्थेने हा रंग कृत्रिम रीतीने आणि स्वस्तात करून दाखवणाऱ्याला ६००० फ्रँकचे बक्षीस जाहीर केले. १८२८ मध्ये ते झाँ-बाप्तिस्त गिमे याला मिळाले. चिकणमाती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत तापवून हाच निळा तयार होऊ लागला आणि तो इतका स्वस्त झाला की परटाच्या बादलीत गेला. पांढऱ्या कपड्यांना देतात ती नीळ, पुडीतली निळी भुकटी, म्हणजे हा कृत्रिम अल्ट्रामरीनच. कधीकाळी राजेरजवाड्यांनी करारात लिहून घेतलेला रंग सदऱ्यांचा पिवळेपणा घालवायच्या कामी आला.

अजिंठ्याचा विषय निघालाच होता, तेव्हा सरांनी आणखी एक शब्द मांडला, आणि हा मात्र तक्रारीच्या सुरात. इंग्रजीत अजिंठ्याच्या चित्रांना सर्रास 'फ्रेस्को' म्हणतात. फ्रेस्को म्हणजे इटालियनमध्ये ताजा, ओला. चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर रंग द्यायचा, म्हणजे चुना सुकताना रंग त्यात कायमचा बांधला जातो. अजिंठ्यात कातळावर मातीचा लेप आहे, वर पातळ पांढरा थर आहे आणि तो सुकल्यावर डिंकासारख्या बंधकात मिसळलेले रंग दिले आहेत. १८७२ पासून जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना घेऊन जॉन ग्रिफिथ्स यांनी तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. कातळापुढे उभे राहून ज्यांनी एकेक रेष उतरवून काढली, त्या मुलांचे काम सरांना फार मोलाचे वाटते. "ताजा हा शब्द चित्रकाराच्या घाईचा आहे," ते म्हणाले. "गिलावा सुकायच्या आत हात उरकायचा. अजिंठ्याच्या चित्रकाराला तशी घाई नव्हती. म्हणून तिथे बारीक अलंकार, मोत्यांचे सर, केसांच्या बटा इतक्या सावकाश रंगवलेल्या दिसतात. तिथे फ्रेस्को म्हटलं की बघण्याची दिशाच चुकते." मॅडमनी हे वाक्य जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले.

सर्वांत कडाक्याचा वाद झाला तो 'ममी ब्राउन'वर.

'ममी' या शब्दाचे मूळ फारसीत आहे. 'मूम' म्हणजे मेण, हिंदीतल्या मोमबत्तीतले मोम. त्यावरून 'मूमिया', म्हणजे डोंगरात पाझरणारा डांबरासारखा पदार्थ. अरब वैद्य तो औषध म्हणून देत. इजिप्तमधल्या जुन्या शवांवरचा काळा लेप तसाच दिसतो, म्हणून युरोपात ते नाव त्या शवांनाच मिळाले. पुढे शवांची भुकटी औषधवाल्यांकडे विकली जाऊ लागली, आणि तिथून ती रंगवाल्यांकडे पोचली. ऊबदार, पारदर्शक तपकिरी म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ती नळीत भरून विकली जात होती.

एडवर्ड बर्न-जोन्स हा त्या काळातला नामांकित चित्रकार. १८८१ च्या सुमारास एका रविवारी त्याच्या घरी जेवणानंतर लॉरेन्स आल्मा-तादेमा या चित्रकार मित्राशी गप्पा चालल्या होत्या. आपल्या रंगवाल्याकडे दळायला आणलेली ममी पाहायचे आमंत्रण आले होते, असे आल्मा-तादेमाने सांगितले. बर्न-जोन्सला ते खरे वाटेना. रंगाच्या छटेला नुसते नाव उसने घेतले असेल, असे तो म्हणाला. पण ममी खरोखरच दळतात याची खात्री पटताच तो उठला, चित्रशाळेतून आपल्याजवळची एकुलती एक नळी घेऊन आला आणि तिला रीतसर मूठमाती द्यायची म्हणून त्याने ती बागेत पुरायला लावली. हिरवळीत खड्डा खणला गेला, नळी आत ठेवली गेली, आणि खूण म्हणून मुलींपैकी एकीने वर डेझीचे रोप लावले. बर्न-जोन्सची पत्नी जॉर्जियाना हिने हे सारे लिहून ठेवले आहे. तिचा भाचा रुडयार्ड किपलिंग यानेही आपल्या आत्मकथनात हा प्रसंग सांगितला आहे. किपलिंगचा जन्म मुंबईचा, आणि त्याचे वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत.

"बघा सर," मॅडमचा आवाज चढला. "नळीवर नाव स्पष्ट छापलेलं होतं. शब्द खोटं बोलत नव्हता. चित्रकार रोज ती नळी हातात घेत होता, आणि तरी त्याला वाटलं, नाव काय, नुसतं नावच. कुणीतरी उगम सांगितला तेव्हा त्याला कळलं की ब्रशावर माणूस आहे. इथे डोळा पुरला नाही."

सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाही पुरला, हे कबूल. त्या तपकिरीकडे कितीही बघितलं तरी त्यात माणूस दिसला नसता. पण मॅडम, ज्या चित्रांत तो रंग गेला, ती चित्रं काही त्याने पुरली नाहीत. कॅनव्हासवर तो तपकिरी तपकिरीच राहिला, कुठे सावली म्हणून, कुठे लाकूड म्हणून. चित्र बघताना ते लाकूडच बघायला हवं."

"बघा ना लाकूड. पण ते कशाचं आहे, हे माहीत असूनही बघा. मेलेल्या माणसाला रंग करून विकलं, ही गोष्ट लपवून बघायची कशासाठी?"

इथे दोघांत तडजोड झाली नाही, आणि ती व्हावी असा आग्रहही कुणी धरला नाही. लंडनच्या रॉबर्सन या रंगवाल्या पेढीने १९६४ मध्ये आपल्याजवळच्या ममी संपल्याचे सांगितले, म्हणजे हा व्यवहार विसाव्या शतकापर्यंत रेंगाळत राहिला होता. या शब्दाशेजारी कुठलेही चित्र लावू नये, ही सूचना शेवटी सरांनीच मांडली. अमेरिकेत हार्वर्डच्या कलासंग्रहालयात फोर्ब्ज यांनी जमवलेला रंगद्रव्यांचा मोठा संग्रह आहे, आणि त्यात ममी ब्राउनही आहे. संग्रहातल्या त्या ममी ब्राउनचे छायाचित्र लावायचे ठरले. रंग कुठल्या आकृतीत शिरण्याआधी नुसता रंग म्हणून दिसावा, एवढे दोघांनाही मान्य होते.

दुसऱ्या बैठकीत सर एक लांबलचक गुंडाळी घेऊन आले. तिच्यात राफाएलच्या एका 'कार्टून'चे मोठे पुनर्मुद्रण होते. कार्टून म्हटल्यावर आज व्यंगचित्र डोळ्यांपुढे येते, पण मूळ इटालियन 'कार्तोने' म्हणजे जाड, मोठा कागद. भिंतीवर किंवा कापडावर जे उतरवायचे, त्याचा पूर्ण मापाचा आराखडा या कागदावर काढत. रेषांवर सुईने भोके पाडत आणि वरून कोळशाची पुरचुंडी आपटत, म्हणजे खाली ठिपक्याठिपक्यांची रेष उमटते. उदबत्तीने भोके पाडलेल्या कागदातून अंगणात रांगोळीचे ठिपके पाडतात, तीच ही युक्ती.

पोप दहावा लिओ याने १५१५ मध्ये राफाएलकडे सिस्टीन चॅपेलसाठी विणायच्या चित्रमय पडद्यांचे आराखडे मागितले. ते रंगवून ब्रसेल्सच्या विणकरांकडे गेले. विणकर मागल्या बाजूने विणत, त्यामुळे कापडावर चित्र डावे-उजवे उलटे उतरे, हे ध्यानात घेऊन राफाएलला सगळे उलटे काढावे लागले. कामासाठी विणकरांनी ते कागद उभे पट्टे करून कापले. यातले सात आराखडे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहेत.

व्यंगचित्र हा अर्थ आला १८४३ मध्ये. आग लागून जळालेले लंडनचे संसदभवन नव्याने उभे राहत होते, आणि आतल्या भिंतींवरच्या भव्य चित्रांसाठी स्पर्धा घेऊन कार्टूनांचे प्रदर्शन मांडले होते. 'पंच' साप्ताहिकाने त्याच नावाखाली जॉन लीच याचे चित्र छापले. भव्य चित्रांपुढे उभी असलेली लंडनची फाटकी, भुकेली माणसे. सरकार भिंती रंगवण्यावर पैसे घालते आणि लोक उपाशी, असा त्या चित्राचा रोख होता. तेव्हापासून कार्टून म्हणजे टोचणारे चित्र.

मॅडम हे सांगत असताना सरांनी राफाएलच्या कागदावर एका जागी बोट ठेवले. चित्र होते बायबलमधल्या मासेमारीच्या चमत्काराचे. होडीत येशू बसला आहे, समोर त्याचा शिष्य पीटर गुडघे टेकून.

"येशूचं वस्त्र कोणत्या रंगाचं?"

"पांढरं," मॅडम म्हणाल्या.

"आणि पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब?"

मॅडमनी पुन्हा पाहिले. प्रतिबिंब तांबडे होते.

"राफाएल चुकला नाही," सर म्हणाले. "वस्त्रही तांबडंच होतं. ते मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांच्या रंगाने रंगवलेलं. उजेडाने तो उडाला. प्रतिबिंबाला वेगळा, टिकाऊ तांबडा होता, तो राहिला. कुठला शब्द हे सांगतो? हे डोळ्यालाच दिसतं."

"दिसलं, सर. पण का झालं ते सांगायला तुम्हाला मंजिष्ठा लागलीच ना? आणि अशा वनस्पतीच्या किंवा किड्याच्या पातळ रंगाला इंग्रजीत काय म्हणतात? 'लेक'. तळं म्हणून नव्हे! तो शब्द आलाय आपल्या लाखेवरून, संस्कृत लाक्षेवरून. लाखेचा तांबडा भारतातून गेला, आणि त्या रीतीने केलेल्या प्रत्येक रंगाला लेक हे नाव पडलं. तळ्याच्या पाण्यात जो फरक तुम्ही दाखवलात, तो लेकनेच घडवलाय."

एवढा वेळ वाद घालणारे दोघे इथे त्या पाण्यावर बराच वेळ ओणवे होते. ही जोडी प्रदर्शनाच्या मधोमध लावायची, यावर कुणाचेच दुमत झाले नाही. पाटीवर आधी सरांचे दोन प्रश्न, आणि 'लेक'ची हकिगत त्यांच्या खाली.

शेवटचा शब्द उरला होता 'मिनिएचर'. शब्दात 'मिनी' ऐकू येते म्हणून सगळे त्याचा अर्थ लहान असा धरतात, आणि मराठीतही आपण लघुचित्र म्हणतो. पण लहानपणाशी त्याचा मुळात संबंध नाही. लॅटिनमध्ये 'मिनियम' म्हणजे शेंदूर, शिशापासून होणारा तांबडा. मारुतीला चढवतात तो. युरोपातल्या मठांत हस्तलिखितांची आद्याक्षरे शेंदराने रंगवत. त्या कामावरून 'मिनियातुरा' शब्द झाला. पोथीतली चित्रे स्वाभाविकच आकाराने लहान असत, म्हणून पुढे शब्दाचा अर्थच लहान असा झाला. इंग्रजांजवळ या कलेला स्वतःचा शब्द होता, 'लिम्निंग'. पहिल्या एलिझाबेथ राणीचा चित्रकार निकोलस हिलिअर्ड याने आपल्या पुस्तकात तोच वापरला. तो मागे पडला आणि मिनिएचर राहिला.

"याच्या शेजारी हिलिअर्डचं एखादं तळहाताएवढं व्यक्तिचित्र लावू," मॅडम म्हणाल्या.

"मुळीच नको. हम्झानाम्याचं पान लावा," सर म्हणाले.

अकबराच्या कारखान्यात सुमारे १५६२ ते १५७७ या काळात 'हम्झानामा' या साहसकथेची जवळजवळ १४०० चित्रे झाली. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या इराणी उस्तादांच्या देखरेखीखाली, कापडावर. एकेक चित्र साधारण ६७ सेंटिमीटर उंच आणि ५१ सेंटिमीटर रुंद, पाठीवर कथेचा मजकूर. १८८१ मध्ये त्यातली काही पाने श्रीनगरमध्ये इंग्रजांच्या हाती लागली, तेव्हा ती खिडक्या झाकायला वापरली जात होती. आज तीही व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहेत.

"खिडकी झाकणाऱ्या चित्राला लघुचित्र म्हणायचं?" सर विचारत होते. "त्या काळचा शब्द होता तस्वीर. आपल्याकडे तो तसबीर म्हणून आजही आहे. तो लिहा."

"तसबीर लिहिली तर मुलांना वाटेल चौकटीतला फोटो. आणि पुढे या चित्रांबद्दल वाचायचं असेल, तर ग्रंथालयात त्यांना लघुचित्र याच नावाखाली पुस्तकं मिळणार."

"मग छपाई तरी खऱ्या मापाची करा. चित्र वहीच्या पानाएवढं छापलंत, तर शब्दाची चूक आपणच खरी करू."

मॅडमनी माप लिहून घेतले, ६७ बाय ५१. भिंतीवर त्या चित्राला एवढी जागा द्यायची, तर शेजारच्या पाटीसाठी फार थोडी उरत होती. शेंदराची हकिगत दहा ओळींत बसवायला त्या तयार झाल्या. त्या दहा ओळींत लघुचित्र हा शब्द येणार की तसबीर, यावर पाटी छापायला जाईपर्यंत दोघांचे बोलणे चालूच होते.